दीडशे रुपयांचं कंदिलाचं सामान: एक दिवाळी आणि अकरा महिने वापरून

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर पिंपरीहून मेट्रोने पुण्यात कसबा पेठ स्टेशनला उतरलो आणि चालत रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. सुनेने यादी दिली होती. पणत्या रंगवायला रंग, तोरणाला लोकर, आणि शेवटी लिहिलं होतं, 'मुलांना घरी करता येईल असा आकाशकंदील'. रंग आणि लोकर दहा मिनिटांत मिळाली. कंदिलाचे तयार संच बघितले, ते सगळे घडीच्या पुठ्ठ्याचे. कड्या अडकवल्या की झाला कंदील. मला बांबूचा हवा होता. एका दुकानदाराने सांगितलं, बुरूड आळीत बघा, या दिवसांत तिथे सुटं सामान मिळतं.

सुपं, टोपल्या, हारे रचून ठेवलेल्या एका दुकानाबाहेर एक ताई खाली बसून कामट्या सोलत होत्या. शेजारी प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या, त्यांवर पेनाने लिहिलेलं, 'कंदील १ नग'. किंमत १५० रुपये. त्या पिशवीबद्दल मी हे लिहितोय. वापरल्यावर लगेच लिहिणार होतो, पण बांबूची वस्तू पावसाळा काढते की नाही हे बघितल्याशिवाय लिहिणं बरोबर वाटलं नाही. आता पावसाळा काढून झालाय.

पिशवीत ३० कामट्या, घोटीव कागदाचे तीन ताव (एक पांढरा, दोन लाल), सोनेरी बेगडाची एक गुंडाळी, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणि हाताने काढलेल्या आकृतीची झेरॉक्स. चिकटवायला काही नाही. ताई म्हणाल्या, "खळ घरीच करा काका, कागद खळीलाच बसतो."

मी ३१ वर्षं लेथ मशीनवर टर्नरचं काम केलं. कुठलीही वस्तू हातात आली की आधी माप घ्यायची सवय आहे, आणि इथे ती सवय फार कामाला आली. घरी येऊन स्टीलच्या पट्टीवर तीसही कामट्या मोजल्या. नात वहीत लिहून घेत होती. २६ कामट्या २०० मिलिमीटरला एक मिलिमीटर कमीजास्त, उरलेल्या चार लांब, सगळ्यांत लांब २०६. जाडी व्हर्नियरने बघितली, तीन ते चारच्या मध्ये. सुरीने, नुसत्या नजरेने कापलेल्या कामट्यांमध्ये हा फरक मला अजिबात जास्त वाटत नाही. मशीनवर बसून यापेक्षा वाईट माल काढणारे मी पाहिलेत. पण त्या चार लांब कामट्या तशाच वापरल्या असत्या तर कंदील बिघडला असता. हॅक्सॉच्या पात्याने त्या २०० वर आणल्या आणि सगळ्या कामट्यांवरून पॉलिश पेपर फिरवला. हे घासायचं काम टाळू नका. कामटीच्या कडेला बारीक कूस असते, ती लहान मुलांच्या बोटात शिरली की कंदिलाचा उत्साह तिथेच संपतो.

माप एवढं का महत्त्वाचं, ते कंदिलाच्या बांधणीत आहे. आपला हा जुना कंदील दिसायला फार गुंतागुंतीचा वाटतो. त्याला १४ बाजू आहेत, सहा चौकोन आणि आठ त्रिकोण. पण करताना फक्त सहा चौकोन करायचे असतात. चार चार कामट्यांचे सहा चौकोन, म्हणजे २४ कामट्या. मग चार चौकोन टोकावर उभे करून कोपऱ्याला कोपरा बांधायचा, पाचवा वर, सहावा खाली. त्रिकोण कोणी करत नाही, ते चौकोनांच्या मधल्या जागेत आपोआप तयार होतात. दहा वर्षांच्या नातीला मी हे सांगितलं नव्हतं. तिने चौथा चौकोन बांधला, वरचा ठेवला आणि म्हणाली, "आबा, इथे त्रिकोण झाला! आपण केलाच नव्हता." नुसत्या त्या वाक्याचे मी दीडशे रुपये दिले असते.

झेरॉक्सवरची आकृती चांगली आहे, सूचना मात्र अपुऱ्या आहेत. कोपरे चिकटवा असं त्यात लिहिलंय. कोपरे बांधायचे असतात. प्रत्येक चौकोनाचे चार कोपरे, सहा चौकोनांचे २४. नंतर चौकोन एकमेकांना जोडायच्या १२ जागा. एकूण ३६ गाठी. आम्ही दोन संध्याकाळी बसून बांधल्या. दोन फेरे आडवे, दोन उभे, गाठ, आणि गाठीवर फेविकॉलचा एक थेंब. सहा वर्षांच्या नातवाकडे थेंबाचं खातं होतं आणि त्याने ते शेवटपर्यंत नीट सांभाळलं. पिशवीतला दोरा शिवणाचा आहे, ताणला की तुटतो. तो बाजूला ठेवून आम्ही गोधडीचा जाड दोरा वापरला. साधारण दहा मीटर लागला.

सगळं बांधून झाल्यावर ताळा करायची एक सोपी रीत आहे. कंदिलाचा कुठलाही कोपरा घ्या आणि त्याच्या बरोबर समोरचा कोपरा शोधा. दोघांतलं अंतर कामटीच्या दुप्पट आलं पाहिजे. आमची कामटी २० सेंटिमीटर, तर अंतर ४०. अशा सहा जोड्या मिळतात. पाच जोड्या ४० ला लागल्या, सहावी ३९ आली. तिथली एक गाठ घसरली होती, ती सोडून पुन्हा बांधली.

इथेच पिशवीतली मोठी उणीव कळली. सांगाडा पूर्ण झाला, दिसायला सुरेख, पण उभा राहीना. नातवाने त्याला एका त्रिकोणावर टेकवलं आणि वरून हात ठेवला, तर तो गोल पिळत पिळत मिटला. उचलला की पुन्हा उघडला. मुलांनी पुढचा अर्धा तास तेवढंच केलं आणि मीही करू दिलं. त्याचं कारण असं की त्रिकोण आकार धरतो, चौकोन धरत नाही. चार कामट्यांचा चौकोन एका बाजूला ढकलला की तिरका होतो. कंदिलात असे सहा चौकोन आहेत, आणि सहाही कशाने तरी धरून ठेवावे लागतात. बाजूच्या चार चौकोनांचं काम कागद करतो. कागद ताठ बसला की तो चौकोनाला हलू देत नाही. वरचा आणि खालचा चौकोन मात्र उघडा राहतो, कारण वरून दोरी आणि हवा जाते, खालून बल्ब बदलायचा असतो. त्या दोघांना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकेक आडवी कामटी लागते. तिचं माप २८३ मिलिमीटर. पिशवीतल्या जादा सहा कामट्या २०० च्याच आहेत, त्या तिथे पुरत नाहीत.

आम्ही दोन जादा कामट्या जवळपास १२ सेंटिमीटर एकमेकींवर चढवून बांधल्या आणि आडवी कामटी तयार केली. अशा दोन. वरच्या कामटीला नंतर होल्डरही बांधता आला. काम झालं, पण पहिल्यांदा करणाऱ्याला हे सुचेलच असं नाही. सांगाडा डळमळतो म्हणून तो आपल्या गाठींना दोष देत बसेल. ही एवढी एक गोष्ट पिशवीत असती तर मी बाकी कशाबद्दलच तक्रार केली नसती.

कागदाचा हिशेब अगदी काठावरचा आहे. ताव ५० बाय ७० सेंटिमीटरचा. चिकटवायला दीड सेंटिमीटर कड धरून चौकोन २३ बाय २३ चा कापायचा. पांढऱ्या तावातून असे सहा निघतात, चार लागतात. त्रिकोण एकाला एक उलटसुलट लावून कापले तर एका लाल तावातून आठ निघतात. दुसरा लाल ताव शेपट्यांना. म्हणजे लाल त्रिकोण फाटला तर बदली कागद नाही. आमचा एक फाटला. चौथा ताव दिला असता तर पिशवी फार तर पाच-दहा रुपयांनी महाग झाली असती, आणि ती तशीच करावी असं माझं मत आहे. आम्ही फाटलेल्या जागी उरलेला पांढरा कागद लावला. आमच्या कंदिलाला सात त्रिकोण लाल आणि एक पांढरा आहे. नातीने तो मुद्दाम रस्त्याच्या बाजूला ठेवला, म्हणजे खालून येताना आपला कंदील ओळखू येईल.

घोटीव कागद दिला हे फार चांगलं केलं. सगळीकडे आता जिलेटीन देतात. जिलेटिनला खळ धरत नाही, त्यावर चिकटपट्टी लावावी लागते, आणि आतला बल्ब आरपार दिसून डोळ्यांवर येतो. घोटीव कागद उजेड पसरवतो, पूर्ण बाजूच उजळते. त्याचा लाल रंग ओल्या हाताला लागतो एवढं लक्षात ठेवा. आमच्या पांढऱ्या चौकोनावर नातवाच्या बोटांचे तीन गुलाबी ठसे आहेत.

खळ अशी केली. दोन चमचे मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवला, मग दोन वाट्या पाण्यात घालून मंद आचेवर ढवळत शिजवला. पांढरा रंग जाऊन तो पारदर्शक आणि चमकदार झाला की उतरवायचा. पूर्वी झुरळ लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. मुलं काम करणार असतील तर ते घालू नका, विषारी आहे. आम्ही चिमूटभर तुरटी घातली. खळीचा फायदा असा की ओला असताना कागद सैल, सुरकुतलेला दिसतो, आणि वाळला की ताणून बसतो. नातीला पहिल्या रात्री वाटलं कंदील बिघडला. सकाळी उठून तिने टिचकी मारली तर ढोलकीसारखा वाजला. एका बैठकीत सगळे कागद लावू नका. आधी चार चौकोन, रात्रभर वाळू द्या, मग त्रिकोण.

शेपट्या कापायला सून बसली. दोन सेंटिमीटर रुंदीच्या, ७० सेंटिमीटर लांबीच्या २५ पट्ट्या निघतात. खालच्या चौकोनाच्या प्रत्येक बाजूला सहा लावल्या, एक उरली, ती नातवाने सायकलला बांधली. कडांवर बेगडाच्या पट्ट्या लावल्या, बांबू झाकला गेला. करंज्या कराव्या अशी माझी इच्छा होती. आमच्या साताऱ्याच्या घरी थोरला भाऊ कंदिलाच्या कोपऱ्यांना कागदी करंज्या लावायचा, आणि त्या लावल्याशिवाय त्याला कंदील पूर्ण वाटत नसे. तेव्हा कामट्याही मिळत नव्हत्या. आई नवा खराटा आणायची, आणि दिवाळीपर्यंत त्यातल्या जाड काड्या भाऊ एकेक करून काढून घ्यायचा. करंज्यांना कागद उरला नव्हता, त्या राहिल्या.

दिव्याचं सांगतो, कारण तिथे लोक चुका करतात. होल्डर, वायर आणि बल्ब वेगळे घ्यावे लागतात. मी पाच वॅटचा एलईडी लावला. जुना पिवळा बल्ब कागदी कंदिलात लावू नका. त्यात विजेचा बहुतेक भाग उष्णतेत जातो आणि कागद करपतो. कंदिलाचं वजन वायरवर कधीही टाकू नका, ते दोरीवर घ्या, वायर थोडी सैल ठेवा. आणि बल्ब कुठल्याही कागदापासून चार बोटं तरी लांब राहील असं बघा. या कंदिलाची उंची २८ सेंटिमीटर आहे, त्यामुळे आत जागा भरपूर मिळते.

वसुबारसेला लावला. चिंचवडला आमच्या इमारतीत त्या मजल्यावर पाच कंदील होते, चार प्लॅस्टिकचे. मी खाली जाऊन रस्त्यावरून बघितला. पांढऱ्या चौकोनांतून मऊ उजेड, मध्ये लाल त्रिकोण, आणि तो एक पांढरा. शेपट्या वाऱ्याने सळसळत होत्या, त्यांचा आवाज खालपर्यंत येत नव्हता, पण घरात रात्री ऐकू यायचा. कितीतरी वर्षांनी तो आवाज ऐकला.

त्याच्या आदल्या वर्षी आम्ही ऑनलाइन एक संच मागवला होता, ५४९ रुपयांचा. लेझरने कापलेल्या पातळ लाकडी पट्ट्या, आयती चिकट कड, रंगीत छापलेला कागद. वीस मिनिटांत झाला. परतीचा पाऊस आला, दमट हवेने चिकट कड सुटली आणि पाडव्याच्या रात्री एक बाजू लोंबायला लागली. दुरुस्त करायला गेलो तर करण्यासारखं काही नव्हतं, कारण तो भाग तसाच पुन्हा मिळत नाही. मुलांना आज त्याचा रंगही आठवत नाही. या पिशवीतला कंदील सात दिवसांत झाला, म्हणजे रोज तास-दीड तास. ज्यांना एका दुपारी उरकायचंय त्यांनी हा घेऊ नये.

आता या पिशवीची खरी किंमत. त्रिपुरी पौर्णिमेनंतर कंदील उतरवला. कागद भिजवून काढला, ओल्या फडक्याने कामट्यांवरची खळ पुसली. खळ राहिली तर कसर आणि झुरळं येतात, म्हणून कोपऱ्यांत जुना दात घासायचा ब्रश फिरवला. दोन दिवस सावलीत वाळवला, आडव्या कामट्या सोडल्या, सांगाडा मिटवून जुन्या धोतरात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. बांबूला भुंगेऱ्याची भीती असते. आतल्या पिठूळपणावर तो किडा जगतो, आणि एकदा लागला की खाली पिवळसर भुकटी पडते. ताईंनी सांगितलं होतं की कामट्या सोलण्याआधी त्यांनी बांबू पाण्यात भिजत घातला होता. पाण्यात तो पिठूळपणा निघून जातो. परवा धोतर सोडलं. भुकटी नाही, ३६ गाठी जागच्या जागी, समोरासमोरचे कोपरे मोजले तर सगळे ४० ला. यंदा फक्त कागद घ्यायचाय.

मधल्या महिन्यांत नातीने तीच रीत घरभर वापरली. खराट्याच्या काड्या दहा-दहा सेंटिमीटरच्या कापून तिने १४ सेंटिमीटर उंचीचे छोटे सांगाडे केले. एक देवघराजवळ, त्याला कागद नाही, नुसता लोकरीचा पीळ दिलाय. एक तिच्या टेबलावर, त्यात पेन्सिली उभ्या राहतात. तिसरा स्वयंपाकघराच्या खिडकीत, त्याच्या त्रिकोणांना जुन्या लग्नपत्रिकांचे सोनेरी तुकडे लावलेत, सकाळचं ऊन आलं की समोरच्या भिंतीवर ठिपके पडतात. तो मला सगळ्यांत आवडतो. खराट्याची काडी टोकाकडे बारीक होत जाते, म्हणून बुडाकडचा भागच घ्यावा. हे तिला तिसऱ्यात कळलं, पहिले दोन थोडे कलतात.

तेव्हा घ्या असंच मी सांगेन. घरात दहाच्या आसपासचं मूल असेल आणि सोबत बसणारं मोठं माणूस असेल तर नक्की घ्या. सहा वर्षांच्या मुलाला एकट्याला जमणार नाही, पण त्याला थेंबाचं खातं द्या. जाड दोरा आणि लाल कागदाचा एक ताव जादा आणा. ही पिशवी वर्षभर मिळत नाही, दसरा ते दिवाळी एवढेच दिवस. बुरूड आळीत गाडी लावायला जागा नाही, मेट्रोने या. आणि निवडायला मिळालं तर पेर (बांबूचा सांधा) मध्ये न आलेल्या कामट्यांची पिशवी बघा, पेराशी कामटी वाकडी जाते.

काल पुन्हा गेलो होतो, कागदासाठी. ताई तिथेच, कामट्या सोलत. मी सांगितलं, गेल्या वर्षीचा सांगाडा अजून शाबूत आहे. त्यांनी हातातलं काम थांबवलं. "कुणी परत सांगायला येत नाही हो," म्हणाल्या. मग आडव्या कामटीचं बोललो. त्या म्हणाल्या, त्यांच्या घरी ती नेहमीच लावतात, पिशवीत घालायचं कधी लक्षातच आलं नाही. माप विचारलं. मी खिशातल्या कागदावर लिहून दिलं, '२८३ मिलिमीटर, २ नग'. त्यांनी तो सुपाच्या काठात खोचला, एक लांब कांब उचलली आणि मला म्हणाल्या, "पट्टी हाय का तुमच्याकडं? एक कापून दावा." पट्टी होती. कापून दाखवली.